काटाघरातली व्हिएतनामी पंगत

ज्याच्या पंगतीत कोणी परका नाही, त्या रुक्मिणीवरास प्रथम साष्टांग नमस्कार. त्याने जिभेला दोन कामे नेमून दिली, नाम घेणे आणि चव घेणे. पहिल्याविषयी मी आयुष्यभर बोलत आलो. आज दुसऱ्याविषयी बोलतो आहे, त्याची त्याने क्षमा करावी.

सज्जनहो, किस्से हे देवघरातल्या निर्माल्यासारखे असतात. रोज चार फुले परडीत टाकावीत, आणि एक दिवस पाहावे तर परडीचे झाकण बसत नाही! आमच्या पांढरकवड्याच्या हरिपाठ मंडळाची परडी अशीच भरली. आणि भरणारी सून आली थेट व्हिएतनामहून!

ते कापसाचे वाईट दिवस होते. हायवेवरच्या जिनिंग कारखान्याला कुलूप लागले, तेव्हा तेथला फिटर प्रल्हाद व्हिएतनामातल्या एका सूतगिरणीत नोकरीला गेला. काही वर्षांनी परतला तो लान नावाची बायको घेऊन. पूर्वी जेथे कापसाच्या गाड्या तोलल्या जात, ते बंद जिनिंगचे काटाघर त्या दोघांनी भाड्याने घेतले आणि दुपारच्या जेवणाचे दुकान थाटले. तीस रुपयांत पोटभर व्हिएतनामी जेवण, आणि तेही संपूर्ण शाकाहारी!

प्रल्हादाचे वडील श्रीपतबुवा हे आमच्या मंडळाचे वीणेकरी. मुलाने न विचारता लग्न केले, याचा त्यांना राग. मारुतीच्या देवळात, सर्वांसमक्ष, त्यांनी शब्द उच्चारला होता, "तिच्या हातचं अन्न या तोंडात जाणार नाही!" घरातही त्यांनी आपली चूल वेगळी मांडली.

लानने वाद घातला नाही. मराठी तिने बाजारातल्या भाजीवाल्या बायांकडून उचलली होती. ती मला एवढेच म्हणाली, "काकाजी, बाबा एक घास खाईन, तवाच मी या घरची. नाई तं पाहुनीच."

* * *

मग श्रीपतबुवा रोज दुकानात येत कशाला? तर मंडळाचा धर्म सांभाळायला!

मी तहसील कचेरीतला निवृत्त कारकून, आणि माझे स्नेही रामधनजी नाईक जवळच्या तांड्यावरचे. आम्ही दोघे, आणि मागोमाग मंडळातले आणखी काही जण तेथे जेवू लागलो, तेव्हा बुवा आपला दहीभाताचा डबा घेऊन आमच्यासमोर पहाऱ्याला बसू लागले. लान रोज त्यांच्यापुढेही एक ताट ठेवी. बुवा ते एका बोटाने रामधनजींकडे सरकवीत. रामधनजी दोन्ही ताटे शांतपणे संपवीत आणि ढेकर देऊन म्हणत, "बुवाचं वैराग्य मले लय मानवून राह्यलं!"

* * *

पहिल्याच दिवसाची गोष्ट. लानने आमच्यापुढे कच्च्या भाज्या, पुदिना, शेंगदाण्याची चटणी आणि तांदळाचे पातळ, पारदर्शक पापड मांडले. सोबत एका पसरट ताटलीत स्वच्छ पाणी ठेवले आणि ती आत गेली.

जेवणापूर्वी समोर पाणी आले, याचा अर्थ आम्हाला वेगळा सांगावा लागत नाही. मी उजव्या तळहातावर पाणी घेतले, देवाची तीन नावे घेतली आणि तीन वेळा आचमन केले. रामधनजींनी उरलेल्या पाण्याने हात धुतले. मग आम्ही ते कोरडे पापड कडाकडा चावू लागलो. ते गिळवेनात! रामधनजी म्हणाले, "बाप्पा, हा पापड हाय का क्यालेंडर?"

लान बाहेर आली आणि रिकाम्या ताटलीकडे पाहतच राहिली. ते पाणी पापड भिजवून मऊ करण्यासाठी होते. मग त्यात भाजी गुंडाळून खायची! परंतु आमचे गंभीर चेहरे पाहून तिने समजूत करून घेतली की, या देशात जेवणापूर्वी हा विधी असावा. दुसऱ्या दिवसापासून तिने प्रत्येक टेबलावर दोन दोन ताटल्या मांडल्या, एक पापडाची आणि एक विधीची. विधी कसा करायचा, तेही ती गिऱ्हाइकाला हाताने करून दाखवी.

पंधरवड्यात हायवेवरचे यच्चयावत ट्रक ड्रायव्हर आचमन करू लागले! लुधियान्याचे एक सरदारजी तर तळहातावर पाणी धरून मला अत्यंत अदबीने म्हणाले, "बाबाजी, पानी तो ले लिया. अब बोलना क्या है?"

* * *

पुढे एकदा तिने 'फो' केला. फो म्हणजे वाफाळत्या मसालेदार पाण्यात सोडलेल्या तांदळाच्या शेवया. वाडगे समोर आले आणि मी हात आखडता घेतला. प्रत्येक वाडग्यावर तुळशीसारखी पाने!

अन्नावर तुळशीपत्र ठेवले की तो नैवेद्य झाला, आणि नैवेद्य दाखवून झाला की तो प्रसाद झाला. आणि प्रसाद नाकारता येत नाही! आम्ही सर्वांनी एकदमच श्रीपतबुवांकडे पाहिले. त्यांच्यापुढेही वाडगा होता, त्यावरही पान होते. लान पदराचे टोक बोटाला गुंडाळत दाराशी उभी होती. बुवांचे व्रत आता कसे टिकणार?

बुवांनी वाडगा जवळ ओढला. लान एक पाऊल पुढे आली. बुवांनी पान दोन बोटांत चुरगळले, नाकाशी नेले आणि निवाडा दिला, "ही तुळस नाही. हा सब्जा आहे. प्रसाद सिद्ध होत नाही." आणि वाडगा रामधनजींकडे सरकवला. सरकवता सरकवता मात्र म्हणाले, "दालचिनी जरा जास्त झाली आज."

लान आत गेली आणि दुसऱ्या दिवशी तिने दालचिनी कमी केली. चव खरोखरच सुधारली!

* * *

तेव्हापासून बुवांचे एक नवेच शास्त्र सुरू झाले. खायचे नाही, पण सांगायचे सगळे!

कापूस परवडेना म्हणून रामधनजींनी शेतात सोयाबीन पेरले होते. त्याच सोयाबीनचे दूध काढून लान पनीरसारख्या वड्या पाडी. रामधनजी पहिली वडी खाऊन गहिवरले, "इतके साल इकलं, खाल्लं आज!" बुवांनी दोन हात अंतरावरून त्या वडीकडे पाहिले आणि म्हणाले, "एक उकळी कमी पडली." लानने भांडे पुन्हा चुलीवर चढवले.

कोणी ड्रायव्हर गुंडाळी वेडीवाकडी करू लागला की बुवांना राहवत नसे. "काहून घाई करून राह्यला? आधी पापड भिजव. भाजी आडवी ठेव. आता दोन्ही बाजू आत घे, मग वळ!" वळलेली गुंडाळी तो भाविकपणे त्यांच्यापुढे करी. बुवा एक हात मागे सरकत!

* * *

एकदा खाद्यपदार्थ तपासणारे एक तरुण साहेब आले. फाइल उघडून त्यांनी विचारले, "या पदार्थात नेमकं काय काय असतं?"

प्रल्हाद घाबरला. लान चुलीपाशी गुंतली होती. तेव्हा बुवा उठले, त्यांनी उपरणे सावरले आणि निरूपण आरंभले! पूर्वरंगात तांदूळ कसा दळावा, वाफेवर कापड ताणून पापड कसा काढावा. उत्तररंगात गवती चहा, आले, शेंगदाणे आणि त्या अन्नाचा शरीराशी असलेला संबंध. पाऊण तास झाला. साहेबांनी फाइल मिटून मांडीखाली घातली. निरूपण संपल्यावर त्यांनी दोन ताटे खाल्ली, बुवांच्या पायांवर डोके ठेवले आणि विचारले, "महाराज, यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"मला?" बुवा गरजले. "मी शिवतसुद्धा नाही!"

साहेबांनी मंडळाकडे पाहिले. मंडळाने छपराकडे पाहिले.

* * *

लान आपल्या माहेरच्या रीतीने अमावास्या-पौर्णिमा पाळी. आम्ही एकादशी पाळतो, हे कळल्यावर तिला फार आनंद झाला. तिच्याकडे साबुदाण्याच्या पिठाच्या पारदर्शक पुऱ्या करतात. त्यात तिने शेंगदाणे, जिरे आणि मिरची भरून फराळी जेवण काढले.

ते इतके रुचकर झाले की एकादशीला काटाघरापुढे रांग लागू लागली. जन्मात उपास न केलेले लोक पंचांग पाहू लागले! रामधनजी तर मंगळवारीच दुकानात येऊन विचारीत, "सूनबाई, आज एकादशी नाई का?"

"नाई, काकाजी."

"कवा हाय?"

"शनवारी."

"मंग आजचीच धरून घे. देव काई हिशेब नाई ठेवत!"

* * *

आता शेवटचा किस्सा सांगतो.

लानच्या आईचे दुखणे वाढल्याचा फोन आला आणि ती माहेरी गेली. निघताना बुवांच्या पाया पडली. बुवांनी आशीर्वादाला हात वर केला, पण शब्द उच्चारला नाही. एक महिना गेला, दोन गेले. आई बरी झाल्याचे कळले, तरी सून येण्याचे नाव काढीना. बाजारात कुजबुज सुरू झाली, "गेली ते गेली. थ्या बुढ्यानं एक घास नाई खाल्ला, आता कायले येते वापस?"

दुकान प्रल्हाद एकटा चालवी. बुवा नित्याप्रमाणे डबा घेऊन येत. पण तो न उघडताच परत नेत.

एक दिवस फो काही केल्या जमेना, म्हणून प्रल्हादने लानला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून तो आमच्या टेबलावर ठेवला. ती सांगत गेली, तो टाकत गेला. वाडगे भरले. त्याने एक माझ्यापुढे ठेवला, एक रामधनजींपुढे.

"एक इकडं दे," श्रीपतबुवा म्हणाले.

प्रल्हादच्या हातातला डाव तसाच राहिला.

"पाहत काय राह्यला? तिच्या हातचं नाई म्हटलं होतं. पोराच्या हातचं खायाले मले बंदी नाई."

बुवांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले आणि घोट घेतला. दुसरा घेतला. मग वाडगा खाली ठेवून, ओठ पुसून ते सावकाश म्हणाले, "मीठ बरोबर आहे. आंबटही बरोबर आहे. पण तिच्या हातची सर नाई."

रामधनजींच्या चमच्यावरून शेवई घरंगळली. ते पुटपुटले, "बुवा, पण तिच्या हातचं तुमी कवा…"

बुवांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की प्रश्न तेथेच विरला.

फोनमधून तिकडच्या रस्त्यावरच्या मोटारसायकलींचा आवाज आला. मग बारीक आवाजात शब्द आले, "बाबा, मी येतो."

बुवा फोनवर ओणवे झाले आणि एका शेतातून दुसऱ्या शेतात हाक मारावी, तसे ओरडून म्हणाले, "ये! अन् येतानी तू फोत टाकते त्या दातेरी पाल्याचं बी घेऊन ये. हा गधा नुसती कोथिंबीर टाकून राह्यला!"

* * *

ज्यांनी हे ऐकले, ज्यांनी वाचले आणि ज्यांनी ऐकता ऐकता डुलकी घेतली, त्या सर्वांचे तो विश्वंभर कल्याण करो. तुमच्या घरची चूल शांत तेजाने जळो, दूर गेलेली माणसे वेळेवर उंबरठ्याशी येवोत, आणि तुमच्या दारी आलेला कोणीही जीव उपाशी न जावो. शुभं भवतु.