डवऱ्याचं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर माझा खोकलासुद्धा खरा की खोटा ते कळतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून सोपं जातंय का? असेलही. पण सोपं जात नाहीये.

आधी भाऊसाहेबांविषयी सांगू द्या. साजगावच्या अंगाला, नदीकाठी, त्यांचा पुठ्ठ्याचा कारखाना होता. भाताचा पेंढा चुन्यात शिजवायचा, त्याचा लगदा करायचा, लाटून वाळवायचा. पेंढा आसपासच्या गावांचाच. जागा घेतली तेव्हा नदीच्या खालच्या अंगाचं गाव जमलं होतं, आणि धोंडूबाबा नावाच्या म्हाताऱ्यानं विचारलं होतं म्हणे, "मालक, तुमची घाण नदीत जानार, आन् आमी पितो नदीचं. तुमी प्याल का?"

लोक हसले. भाऊसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "पिईन. रोज."

आणि प्याले! नदीच्या वाळूत खड्डा करून त्यात झिरपलेलं पाणी गाव प्यायचं. डवरा म्हणतात त्याला. त्या डवऱ्यातला एक हंडा त्याच गावची ताराबाई रोज सकाळी डोक्यावरून आणायची आणि भाऊसाहेबांच्या टेबलाशेजारच्या माठात ओतायची. कारखान्यात ते दुसरं पाणी पीत नसत. मुंबईचे व्यापारी यायचे, थंड सोड्याची बाटली मागायचे. त्यांच्यापुढेही ह्याच माठातला पेला. मी सव्विसाव्या वर्षी तिथं केमिस्ट म्हणून लागलो, तेव्हा मला वाटलं — श्रीमंत माणसाची हौस. दुसरं काय वाटणार? मी बाटल्यांत पाणी तपासायला शिकलेला माणूस. जिभेवर पाणी तपासणारा मालक मी पाहिला नव्हता.

माझं काम साधं होतं. पेंढा शिजवलेलं तपकिरी पाणी टाकीत निवळू द्यायचं, मगच सोडायचं. रोज खाली उतरून टाकीचा बांध हातानं चाचपायचा, आणि वहीत सही करायची. उन्हाळा लागला आणि मी उतरणं सोडलं. ऊन होतं. घाण वास होता. आणखी काही कारण नव्हतं — शोधून पाहिलंय, नाही सापडलं.

सही मात्र रोज केली.

भाऊसाहेब आठवडाभर मुंबईला गेलेले असताना ताराबाई माझ्या खोलीच्या दारात आली. एरवी आत न बघता जाणारी बाई. म्हणाली, "सायब, पान्याला वास येतोय. नातवाचं पोट बिघडलंय दोन दिस. तुमी बघा ना जरा."

मी काय म्हणालो? तेच तर सांगायचंय. म्हणालो, "उन्हाळ्यात होतं तसं. पाणी मी तपासलंय. काही नाही त्यात."

तपासलं नव्हतं. ती गेल्यावर टाकीवर उतरलो. बांध खालून फुटला होता, आणि न निवळलेलं पाणी दगडांतून सरळ नदीत चाललं होतं. किती दिवसांपासून? वहीवरून कळलं नसतं; वहीत सगळं ठीक होतं. कारखाना तिथल्या तिथे थांबवायला हवा होता. थांबवला असता तर कुणीतरी वही मागितली असती. मी वर आलो, हात धुतले — साबणानं, दोनदा — आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. "पोराचे डोळे आत गेले, सायब." मी म्हणालो, त्याला उकळलेलं पाणी द्या. आणि लगेच म्हणालो — हे त्याहून वाईट आहे, ऐका — "उद्या भाऊसाहेब येतायत. माठात आमच्या क्वार्टरच्या विहिरीचं पाणी भरा. तुम्हालाही जवळ पडेल."

ती बघत राहिली. "आन् गावाच्या हंड्यात काय भरू?"

मी वही पुढ्यात ओढली.

"बरं," म्हणाली आणि गेली.

भाऊसाहेब आले तेव्हा मी कागद घेऊन टेबलापाशीच उभा होतो. ताराबाईनं माठातून पेला भरून दिला. त्यांनी एक घोट घेतला. थांबले. मग पेला खाली न ठेवता सगळा प्याले, शेवटच्या थेंबापर्यंत, सावकाश, औषध पितात तसा. विचारलं, "डवऱ्याचंच?"

"व्हय मालक. गाव पितं तेच हाय."

मला वाटलं होतं तिनं माझं ऐकलं. तिनं ऐकलं नव्हतं. कोसभर लांबून तिनं तेच पाणी आणलं होतं — नातू अंथरुणाला खिळलेला असताना. भाऊसाहेबांनी गावाला दिलेला शब्द त्या बाईनं डोक्यावरून वाहून आणला होता. मी तिथंच कागद धरून उभा होतो.

भाऊसाहेब स्वतः टाकीवर उतरले, फुटलेला बांध पाहिला, आणि तासाभरात कारखाना बंद झाला. भाऊसाहेब चालत गावात गेले. मी मागे दोन पावलांवर. डवऱ्यापाशी माणसं जमली. भाऊसाहेबांनी हात जोडले. "चूक माझी आहे," म्हणाले.

धोंडूबाबा काठी टेकून म्हणाला, "मालक, टाकीवर मानूस ठेवलावता ना तुमी? त्यो काय झोपला व्हता का?"

"टाकी माझी, बाबा. मग झोपही माझीच."

दोन पावलं. एवढंच अंतर होतं. मी पुढे आलो असतो तर — पण मी नाही आलो. ताराबाई समोर होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि माझं नाव न घेता नातवाकडे गेली.

नवी टाकी होईपर्यंत कामगार बांधकामावर लागले, क्वार्टरच्या विहिरीचं पाणी बैलगाडीनं गावात गेलं, आणि गावाचे सगळे हंडे भरल्यावरच भाऊसाहेबांचा माठ भरला गेला. पोरगा वाचला. आज तो टेंपो चालवतो. भाऊसाहेबांनी गावातून परतले त्याच संध्याकाळी वही मागवली, माझ्या सह्या पान-पान पाहिल्या, वही मिटून माझ्या हातात दिली. "उद्यापासून खाली उतरत जा." बस. पुन्हा कधी विषय नाही. आणि डवऱ्याला पुन्हा स्वच्छ पाणी आल्यावर ताराबाईनं पहिला पेला माझ्यापुढे धरला. "प्या सायब. आता तपासायला नको, पिऊनच बघा." मी प्यालो. इतकं गोड पाणी मी पुन्हा प्यालेलो नाही.

माणसं इतकी मोठी असतात? मला अजूनही ते पेलत नाही.

भाऊसाहेब जाऊन आता बरीच वर्षं झाली. शिळफाट्याला चहाच्या टपरीवर खालच्या गावचे लोक भेटतात. म्हणतात, मानूस देव, पन एकदा चुकला. आणि मी मान डोलावतो. गेल्या महिन्यातही डोलावली.

ताराबाई आहे अजून. ऐकू कमी येतं तिला. डवऱ्याच्या जागी आता नळ आहे. तिथं सकाळी, हंडे भरत असताना, मोठ्यानं एक वाक्य बोलायचं माझ्याकडे बाकी आहे — त्या उन्हाळ्यात चुकले ते भाऊसाहेब नव्हते, मी होतो. ते मी अजून बोललेलो नाही.