किल्लीच्या खुणेची नानखटाई

ट्रे भट्टीत जाऊन थोडाच वेळ झाला होता, तेवढ्यात द्वारकामावशी दारातूनच माझ्यावर ओरडल्या, "काढ ते बाहीर, सुरेखा! आताच्या आता काढ!"

दिवाळीच्या तोंडावरची दुपार होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर बाया, बायांच्या मांडीवर डबे, डब्यांत मैदा, पिठीसाखर, तूप. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. भट्टीजवळ मावशींची सून मनीषा उभी होती. तिनं मान खाली घातली.

धामणगाव बढ्याला आमची बेकरी आहे. सासऱ्यांनी बांधलेली विटांची भट्टी, बाभळीच्या लाकडांवर चालते. एरवी पाव आणि टोस्ट. नवरा आसपासच्या गावांत माल पोचवतो, भट्टी मी बघते. दिवाळीत मात्र पाव बंद. तेव्हा आम्ही फक्त 'घरचं सामान' घेतो. म्हणजे मैदा, तूप, साखर गिऱ्हाइकाची, प्रमाण त्यांच्या घरचं, मळणारा हातही बहुतेक त्यांचाच. आम्ही भाजून द्यायचं. नानखटाई, बिस्किटं, कोणी हौशी असेल तर रव्याचा केकसुद्धा.

इतक्या घरांचे ट्रे एकसारखे दिसतात. ओळखायचे कसे? चिठ्ठी लावली तर भट्टीत जळते. म्हणून प्रत्येक घराची एक खूण ठरलेली असते. ट्रेत गोळे मांडले की ती त्यांच्यावर दाबायची. कोणी बाटलीचं झाकण दाबतं, कोणी काटा, कोणी मधोमध चारोळी बसवतं. द्वारकामावशींच्या घरची खूण मोटारसायकलच्या किल्लीची. ती त्यांचा मुलगा गजानन दाबायचा. तो विजेच्या सबस्टेशनवर वायरमन होता. दरवर्षी आईला गाडीवर मागे बसवून आणायचा. मावशी मळायच्या आणि हा स्टुलावर बसून गोळ्यांवर किल्लीचे दात उमटवायचा. "किल्ली धुतली का बे?" असं मावशी दरवर्षी विचारायच्या. "हाव, आंघोळ घातली तिले," असं तो दरवर्षी सांगायचा.

उन्हाळ्यात गजानन गेला. छातीत दुखायला लागलं म्हणून बुलढाण्याला नेलं. तिथून घरी आला तो निजूनच.

आमच्याकडे ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात वर्षभर सणाची कढई चढत नाही. तळण नाही, गोडधोड नाही. शेजारीपाजारी आणून देतील तेच खायचं. त्यामुळे मावशींचा डबा यंदा येणार नाही, हे मी धरून चालले होते. आणि मनीषा एकटीच डबा घेऊन आली. पीठ घरूनच मळून आणलं होतं, उरलेलं सामान पिशवीत होतं. मी काही विचारलं नाही. डबा आला की घ्यायचा, एवढंच माझं काम. तिनं गोळे मांडले, पदराच्या गाठीतून किल्ली काढली, खुणा उमटवल्या. ट्रे आत गेला. रस्त्यात डबा घेऊन जाताना तिला कोणीतरी पाहिलं असणार. मावशींपर्यंत बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो?

मी म्हटलं, "मावशी, अर्ध्यात काढलं तर वाया जाते. बसा थोडं."

"जाऊ दे वाया. आमच्या घरी यंदा दिवाळी नाई. माहा पोरगा गेला आन ही नानखटाई करून राह्यली! लोक काय म्हनतीन?"

सासूला मनीषा आत्याबाई म्हणते. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, घरासाठी नाई केली."

"मंग कोनासाठी?"

"सबस्टेशनवाल्यायसाठी."

दिवाळीत अख्ख्या गावात दिवे लागतात, म्हणून सबस्टेशनच्या लोकांना त्या दिवशी सुट्टी नसते. गजानन दरवर्षी तिथे घरचा डबा न्यायचा. हे साऱ्या गावाला माहीत होतं.

मनीषा बोलायला लागली तशी तिची मान वर आली. "ते दवाखान्याच्या पायऱ्यायवर बसून होते आपल्यासंग. शेवटपर्यंत होते. त्यायचा डबा काऊन बंद करू मी?"

"मले इचारलं व्हतं?"

"तुमी नाई म्हनल्या असत्या."

"हाव, नाईच म्हनली असती! आन तूप कोनाचं हाय? माह्या म्हशीचं. सुरेखा, काढ म्हनते ना!"

आमच्या धंद्यात एक नियम आहे. ज्याचं सामान, त्याचा शब्द. इथे मैदा आणि साखर सुनेनं दुकानातून आणलेली, तूप सासूचं. अर्धा ट्रे काही काढता येत नाही. खरं सांगते, मला मावशींचा राग आला. पोरीचा नवरा गेलेला, तिनं एवढंही करू नये? मी तशी तोंडाळ बाई आहे, ऐकवलंही असतं. पण मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लांब दांड्याची फळी आत घालून ट्रे ओढून घेतला.

नानखटाईचं असं असतं. ऊब लागली की आधी तूप सैल होतं आणि गोळा थोडा पसरतो. मग तो फुगतो आणि वर तडे जातात. त्याला आम्ही 'खुलणं' म्हणतो. खुलायच्या आधी बाहेर काढली की ती बसते. परत आत घातली तर दगड होते. मनीषाच्या नानखटाया आमच्या डोळ्यांदेखत बसल्या. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

मावशी ट्रेपाशी आल्या. नुसत्या बघत राहिल्या. किल्लीच्या खुणा पसरून फेंगड्या झाल्या होत्या, पण दात दिसत होते.

"किल्ली कुठी हाय?"

मनीषानं गाठ सोडून किल्ली दिली. दातांत पीठ अडकलं होतं. मावशींनी ते पदरानं पुसलं, एकेका खाचेतून.

मग त्या म्हणाल्या, "तूप गरम करून घातलं काय वं?"

"हाव. लवकर फेटल्या जाते म्हनून."

"म्हनून त इतकी पसरली. थिजलेलं पाह्यजे. भट्टीत ठेवली असती तरी खुलली नसती ही."

त्या बरोबर सांगत होत्या. पीठ सैल आहे हे मलाही ट्रे आत घालताना जाणवलं होतं.

"सामान उरलं का?"

"हाय थोडं."

"मळ मंग. मी हात नाई लावनार. इथून सांगीन."

मावशी बाकावर बसल्या. दोन्ही हात पदराखाली घेतले, जसे काही ते मोकळे ठेवले तर ऐकणार नाहीत. मी परात दिली. मनीषा खाली बसून तूप फेटायला लागली.

"बोटानं नाई, तळहातानं. पांढरं होऊ दे. पान्यात थेंब टाकून पाह्य. तरंगला त झालं."

थेंब बुडाला. ती परत फेटायला लागली. पुन्हा टाकला, तरंगला.

"आता बेसन घे मूठभर. तुही मूठ लहान हाय वं, एवढं घे." मावशींनी पदराखालून हात काढला, हवेतच मूठ धरून दाखवली आणि परत आत घेतला.

या प्रमाणासाठी आजवर किती जणींनी मावशींची मनधरणी केली असेल! त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. सुनेलाही मळताना जवळ उभं केलं नव्हतं. आता भर दुकानात मोठ्यानं सांगत होत्या. बाकावरच्या बाया आपापल्या डब्यात बघत होत्या आणि कान मावशींकडे होते.

गोळे मांडून झाले. मनीषानं किल्लीसाठी हात पुढे केला. मावशींनी ती दिली आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "धुतली का?"

मनीषानं किल्ली पाण्यात बुडवून घेतली. भट्टीतला विस्तव सारखा करायच्या निमित्तानं मी तिकडे तोंड केलं.

हा ट्रे छान खुलला. सबस्टेशनचा डबा भरला. आधीचा ट्रे अजून फरशीवर पडला होता. बिघडलेला माल आम्ही बादलीत टाकतो, तो ढोरांना जातो. मी तो उचलला.

"थांब. कुठी नेऊन राह्यली?"

"ढोरायले."

"बांधून दे मले."

मला राहवलं नाही. "पण मावशी, तुमच्या घरी यंदा गोड..."

"हे काई दिवाळीचं नाई. बिघडलेलं हाय. तव्यावर शेकीन मी." मग बाकांकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, "कढई नाई चढत आमच्या घरात. तवा त रोज चढते."

मी कागदात बांधून पुडा दिला. सासू पुडा घेऊन पुढे, सून डबा घेऊन मागे, अशा दोघी घरी गेल्या.

दिवाळीच्या दिवशी मनीषा स्वतः सबस्टेशनवर गेली. नंतर कधीतरी भेटली तेव्हा म्हणाली, डबा टेबलावर ठेवला तर कोणी झाकणच उघडेना. शेवटी त्यांच्यातल्या वयस्क माणसानं उघडलं आणि एक उचलून खूण बघत बसला. तेवढ्यात कुठल्याशा गल्लीतले दिवे गेल्याचा फोन आला. सगळ्यांनी एकेक खिशात टाकली आणि कामाला गेले.

तव्यावर शेकलेल्या कशा लागल्या, ते मावशींना मी विचारलं नाही. अशा नानखटाया बाहेरून करपतात आणि आतून कच्च्याच राहतात, हे मला ठाऊक आहे. पण तेव्हापासून कोणाचाही बिघडलेला ट्रे बादलीत टाकायच्या आधी मी त्या घरच्या माणसाला विचारते. बहुतेक जण नको म्हणतात. तरी विचारते.