वाक्य तपासायला निघालेल्या बाई

बिराजदार बाईंसमोर इंग्रजीत वाक्य बोलायचं म्हणजे वरातीची तयारी ठेवूनच बोलायचं. सात रस्त्याजवळ, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा संध्याकाळचा क्लास भरायचा. मी गेले त्या पहिल्याच दिवशी रफिकभाई रिक्षावाले उभे राहिले आणि म्हणाले, "माय रिक्षा इज क्लीन." मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. बाईंनी मात्र खडू खाली ठेवला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला, बघून येऊ." अख्खा क्लास जिना उतरून रस्त्यावर. मागच्या सीटखालून शेंगांची टरफलं निघाली आणि कुणाच्या तरी बाळाचा एक मोजा निघाला. "कल धोया था बाई, सच्ची," रफिकभाई म्हणाले. "मग कालच सांगायचं होतं की," बाई म्हणाल्या. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून ती रिक्षा झाडली आणि रफिकभाईंनी तेच वाक्य भर रस्त्यात छाती काढून पुन्हा म्हटलं. तोवर मागे हॉर्नचा नुसता कल्ला झाला होता.

बाई मुलींच्या शाळेतून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. बुटक्या, गोल, आणि आवाज असा की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक चष्मा न घेताच वर बघायचं. आठवड्याला एकच विशेषण शिकवायच्या. ते प्रत्येकाने आपल्या घरातल्या, कामावरच्या खऱ्या गोष्टीला लावायचं, आणि बाई ते तपासणार. 'गुड' आणि 'नाइस' यांना क्लासात बंदी होती. "नाइस म्हणणाऱ्याने काही बघितलेलंच नसतं," असं त्या म्हणायच्या. "विशेषण म्हणजे साडीचा फॉल. भलत्या रंगाचा लावलास तर अख्खी साडी ओरडते." 'टेस्टी'च्या आठवड्यात तर मजाच झाली. कुणी आईची आमटी सांगितली, कुणी मावशीची पुरणपोळी, एकाने तर कोपऱ्यावरची भजी. बाईंनी एकूण एक वाक्य तपासलं आणि शनिवारी पोटाच्या कारणाने क्लासला सुट्टी दिली.

आता गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या हुबळीला भाच्याकडे असतात. म्हणून काही सुटका नाही. परवा व्हिडिओ कॉलवर मी सहज म्हणून गेले की आमची बाल्कनी ब्यूटिफुल झालीय. "कॅमेरा फिरव," बाई म्हणाल्या. वाळत घातलेल्या गोधडीपाशी माझं ब्यूटिफुल रद्द झालं.

पण मला त्यांची खरी ओळख पटली ती 'अँग्री'च्या आठवड्यात. एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर मला नोकरी मिळत होती. डॉक्टरांनी सोमवारी हजर व्हायला सांगितलं होतं. मला ती नोकरी हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती. आणि घरात सासूबाईंनी अबोला धरला होता. ताट वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. भांडी मात्र भरपूर बोलायची. नवरा म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा," आणि मोबाइलमध्ये शिरला. रोजचं हे सोसवत नव्हतं. नोकरीला नाही म्हणायचं, असं मी ठरवूनच क्लासला गेले होते. माझी पाळी आली तेव्हा रडू आवरत एवढंच म्हटलं, "माय मदर-इन-लॉ इज अँग्री."

तोंडातून वाक्य गेलं आणि मला दरदरून घाम फुटला, कारण बाई पदर खोचत होत्या. मी म्हटलं, बाई, वाक्य बदलते, आमचं मांजर अँग्री आहे. त्या म्हणाल्या, मांजर उद्या बघू. रफिकभाईंनी रिक्षा आधीच चालू केली होती.

सासूबाई हॉलमध्ये जोंधळा निवडत बसल्या होत्या. बाईंनी नमस्कार केला, त्यांच्यासमोर फरशीवरच मांडी घातली आणि सरळ विचारलं, "वर्षा म्हणते तुम्ही रागावलाय. खरं का?" मी स्वयंपाकघराच्या दारात देवाचा धावा करत उभी. रफिकभाई चप्पल काढून, साक्षीदारासारखे उंबऱ्यात.

"रागवायला काय झालंय?" सासूबाई म्हणाल्या. "चांगली नोकरी हाय की."

"मग बोलत का नाही?"

सासूबाईंनी सुपातला एक खडा काढला, बाजूला ठेवला. दुसरा काढला. मग मान वर न करताच म्हणाल्या, "भ्या वाटतंय, बाई. आज नोकरी, उद्या दोघं पुण्याला जातील. मंद्रूपचं घर मोडून म्या हितं आले. आता म्या कुटं जाऊ?"

पुण्याला कोण जातंय, असं मी म्हणाले, तर त्या म्हणाल्या, आज म्हणतीस न्हाय, उद्याचं कुणी सांगावं. बाईंनी त्यांची समजूत वगैरे घातली नाही. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाक्य चुकलं. घरातलं माणूस भ्यालंय, आणि तू रागावलंय म्हणतेस?"

"तिला बोलू नका," सासूबाई एकदम म्हणाल्या. "म्या सांगितलं न्हाय तर तिला कसं कळंल?"

बाई हसायला लागल्या, त्यांचं हसू बघून रफिकभाई, आणि मग कशाला ते न कळता मीही. सासूबाई चौघांतल्या शेवटच्या हसल्या, पण सुपातला जोंधळा सांडेपर्यंत हसल्या. चहा झाल्यावर बाई त्यांना म्हणाल्या, "उद्याचं वाक्य मला तपासता येत नाही. पण ही बसणार कुठं, करणार काय, ते घरात बसून कशाला भ्यायचं? सोमवारी आपण दोघी बघून येऊ."

आणि त्या खरोखर आल्या. सोमवारी मी दवाखान्याच्या खुर्चीत बसले, तर समोरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बिराजदार बाई आणि नवी नऊवारी नेसलेल्या सासूबाई. दोघींची मान मी जिकडे वळेन तिकडे. मी फोनवर "गुड मॉर्निंग" म्हटलं तेव्हा 'गुड' ऐकून बाईंनी कपाळाला आठी घातली. सासूबाईंनी मात्र शेजारच्या पेशंटला कोपराने ढोसून माझ्याकडे बोट दाखवलं. अकराच्या सुमाराला नर्स त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, आजी, तुमचा नंबर कितवा? डोळ्यांना काय होतंय?

"माज्या डोळ्याला काय धाड भरलीय?" सासूबाई अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "लई लांबचं दिसतंय. ती खुर्चीत बसलीय न्हवं, ती माजी सून हाय. तिला बघाया आलेय."

रांगेतले सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले; हसून पाणी आलं होतं की काय, ते मी विचारलं नाही. मला स्वतःलाच समोरचं नीट दिसत नव्हतं, आणि पुढच्या पेशंटचं नाव मी दोनदा चुकीचं लिहिलं.