लाल दोऱ्याची पुस्तकं

हिरामण राठोड गुरुजींना मी प्रथम पाहिलं ते ढाणकीच्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत. एका हातात दाभण, शेजारी खळीची वाटी आणि भोवती फाटक्या पाठ्यपुस्तकांचा ढीग. नागपुरात नन्सच्या शाळेत शिकून मी इथे इंग्रजी शिकवायला आले होते. "काय करताय?" असं विचारल्यावर मान वर न करता म्हणाले, "पुढच्या सालचे पोट्टे शिवून राह्यलो, बाई."

अर्थ समजायला मला वर्ष लागलं.

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात आला होता. तोवर आमच्याकडे नागपूरची पुस्तकं येत. आता मुंबईच्या बड्या प्रकाशन कंपन्यांना नवा मुलूख मिळाला. कडक इस्त्रीच्या बुशशर्टातले त्यांचे प्रतिनिधी शाळाशाळांतून फिरू लागले. पुस्तक लावलं की शाळेला भिंतीवरचं घड्याळ, नाही तर पृथ्वीचा गोल. आणि एकदा पुस्तक लागलं की दरवर्षी 'सुधारित आवृत्ती'. सुधारणा काय, तर विसावा धडा पाचवा करायचा आणि पाचवा विसावा. पानं बदलली की थोरल्याचं पुस्तक धाकट्याच्या उपयोगाचं राहत नाही! या लबाडीला त्या कंपन्या शिक्षणप्रसार म्हणत. माझं तोंड तेव्हाही तिखट होतं. पण मी नुसती बोलत असे, गुरुजी करत असत.

सुट्टीत सायकलवरून तांड्या-तांड्यांत, गावागावांत जाऊन पास झालेल्या मुलांची पुस्तकं ते मागून आणत. शिवायला घरी त्यांची आई बसे. लमाणी कशिद्यात मुरलेला तिचा हात. पुस्तकाच्या पाठीवर ती लाल दोऱ्याची नक्षी घालीच. "याडीले साधा टाका येतच नाही," गुरुजी म्हणत. पहिल्या वर्षी गावातल्या वकील-कारकुनांच्या मुलांनी त्या पुस्तकांना नाकं मुरडली. दुसऱ्या वर्षी त्यांनाच लाल दोरा हवा होता.

वर्गात गुरुजींचा एक नियम होता. पान सांगायचं नाही, धड्याचं नाव सांगायचं. 'दीपगृह काढा' म्हटलं की कुणी पुढे उघडी, कुणी मागे, आणि धडा सुरू होई. आम्हा सगळ्या शिक्षकांना त्यांनी ती सवय लावली.

हे प्रतिनिधीच्या कानावर गेलं आणि त्याने शाळा समितीच्या अध्यक्षांना गाठलं. अध्यक्षांनी गुरुजींना सर्वांसमोर बजावलं, "शाळेले घड्याळ भेटून राह्यलं, अन् तुम्ही चिंध्या शिवता? दिवाळीनंतर नवं पुस्तक नसंल त्या पोराले वर्गात बसू द्याचं नाही."

"नवा क्रम बालमानसशास्त्राला धरून आहे," प्रतिनिधी म्हणाला.

"पोराईचं मन एका सालात बदललं काय?" गुरुजींनी विचारलं. "माह्यं तर नाही बदललं."

सातवीत सोनी नावाची मुलगी होती, फुलसावंगीकडच्या तांड्यावरची, ढाणकीत मावशीकडे राहणारी. तिच्या बापाने सरळ सांगितलं होतं, भावाचं पुस्तक चालत असेल तर शाळा, नाही तर कापूस वेचायला चल. गुरुजींची नोकरी त्या वर्षी कायम व्हायची होती. मी म्हटलं, "गुरुजी, एक वर्ष गप्प बसा." ते म्हणाले, "बाई, मी गप बसलो तर ते पोट्टी परत येत नसते."

दिवाळीनंतर सोनी वर्गात होती, भावाचं पुस्तक घेऊन. अध्यक्षांनी तक्रार केली आणि तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब आले. सोबत अध्यक्ष होते, मीही दारात उभी राहिले. साहेबांनी फर्मावलं, "बेचाळिसावं पान. वाच." पहिल्या बाकावरचा मुलगा नव्या पुस्तकातून उंटाबद्दल वाचू लागला. "पुढे तू," म्हणताच सोनी उठली आणि खणखणीत आवाजात दीपगृह सुरू केलं. वर्ग खो खो हसला. अध्यक्ष म्हणाले, "पाहा साहेब, असा बाजार हाये!"

गुरुजींनी दोन्ही पुस्तकं साहेबांसमोर शेजारी ठेवली. "पान कंपनीनं बदललं साहेब, धडा तोच हाये. नाव सांगून वाचायले लावा."

साहेबांनी तीन-चार धडे ताडून पाहिले. "यात नवीन काय आहे?" त्यांनी अध्यक्षांना विचारलं. अध्यक्षांनी छताकडे पाहिलं. मला राहवलं नाही. "आहे ना, साहेब. चित्रातल्या मुलीची वेणी डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर आली आहे."

साहेबांना हसू आवरेना. मग नाव सांगून त्यांनी सोनीला पुन्हा वाचायला लावलं, आणि एका दमात तिने सबंध धडा वाचला. "मुलगी छान वाचते," ते म्हणाले. "बसू द्या तिला."

सोनी बसली. गुरुजी मात्र त्या वर्षी कायम झाले नाहीत. समितीने कारण दिलं नाही, त्यांनी विचारलं नाही. त्याबद्दल त्यांनी आजवर अवाक्षर काढलेलं नाही. मी काढते, आणि या गौरवग्रंथातही काढणार. संपादकांनी कात्री लावू नये.

पुढे सरकारनेच पाठ्यपुस्तकं काढायला घेतली. बड्या कंपन्या काही उपाशी मेल्या नाहीत. त्या गाइडांकडे वळल्या. आता तर त्यांनी कमालच केली आहे. स्वाध्यायपुस्तकं काढलीत, उत्तरं पुस्तकातच लिहायची! रकाने भरले की धाकट्याला नवं पुस्तक घेणं आलंच.

या लेखाच्या निमित्ताने मागच्या महिन्यात गुरुजींकडे गेले. ओसरीवर तसेच मांडी घालून बसले होते. हातात दाभण नव्हतं, खोडरबर होतं. सोनीच्या थोरल्या नातवाचं असलंच एक पुस्तक पुढ्यात, आणि ते एकेक उत्तर खोडत होते. धाकटा नातू यंदा त्याच वर्गात गेला आहे. शेजारी सोनी बसून कागदावरचा कचरा फुंकत होती. केस पांढरे झालेत तिचे.

"गुरुजी, पंच्याहत्तरी आली. आता तरी पुरे करा," मी म्हटलं.

"पेन्सिलीनंच लिवा म्हनलं होतं मी थोरल्याले, म्हून जमून राह्यलं," ते म्हणाले. "बसा बाई, तुम्हीही एक पान घ्या."

सत्काराला शाली पुष्कळ येतील. येणाऱ्यांनी खिशात एकेक चांगलं खोडरबर आणावं, अशी माझी सूचना आहे. गुरुजींची नजर साफ राहो, बोटांतला जोर टिको आणि सोनीच्या पणतवंडांची पुस्तकंही त्यांच्याच हातून कोरी होवोत. मी माझं पान घेऊन शेजारी बसेनच.