चौथी खुर्ची

ती मुलगी मला आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. शिक्षिका सगळ्या मुलांवर सारखी माया करतात असं ज्याला वाटतं, त्याने एकदा आठवीचा वर्ग सांभाळून दाखवावा.

नाशिकमधल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. आठवडाभरासाठी अंतराळ स्थानकावर गेलेले दोघे यानात बिघाड झाल्यामुळे नऊ महिने तिथेच अडकले, ते मी वर्गात सांगत होते. मुख्याध्यापक तपासणीला मागच्या बाकावर बसलेले. मी म्हटलं, "एक यान बिघडलं तरी दुसरं असतंच. त्यात बसायचं आणि घरी यायचं, सोपं आहे."

तिचा हात वर आला. "मॅडम, पण पहिल्या यानाचा सूट दुसऱ्यात चालत नाही. आणि त्यांना जागा मिळावी म्हणून दुसऱ्या यानातल्या दोघांना जाताच आलं नाही."

"शाब्बास!" मुख्याध्यापक म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहू लागले. काय लिहिलं ते मला आजवर कळलेलं नाही. माझं डोकं मात्र जे सणकलं ते सणकलंच.

पुढे स्नेहसंमेलनात याच विषयावर नाटुकलं करायचं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. स्थानकावर अडकलेले दोघे, त्यांना आणायला जाणारे दोघे, परतीच्या यानात चार खुर्च्या. मी चार मुलं निवडली आणि तिला राखीव ठेवलं. "कोणी आजारी पडलं तर तू," असं सांगून विषय संपवला. तिने ते मनावर घेतलं. कोण कधी उठतो, कोण कोणता पट्टा बांधतो, चौघांचंही सगळं तिने पाठ केलं. महिनाभर एक तालीम चुकवली नाही. घरी तिने "मी नाटकात आहे" एवढंच सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

संमेलनाच्या दिवशी सकाळी अडकलेल्यांपैकी एकाच्या आईचा फोन आला, मुलगा तापाने फणफणला होता. मी शाळेत पोचले तोवर तिलाही ते कळलं होतं; ही त्याचा चंदेरी सूट घालून दारातच उभी.

"मॅडम, मी हेल्मेट घालू?"

हेल्मेटं म्हणजे घरोघरची दुचाकीचीच, वरून पांढरा कागद चिकटवलेली आणि काचेवर सोनेरी जिलेटिन. आतून आवाज बाहेर येत नव्हता, म्हणून संवाद आधीच रेकॉर्ड केले होते. थोडक्यात, त्या खुर्चीत कोणीही बसलं असतं तरी काही बिघडणार नव्हतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

"नको," मी म्हटलं. "खुर्ची रिकामी राहू दे."

"पण मॅडम, मग एक जण वरच राहील."

उद्धटपणे नव्हती बोलली. तिला खरोखर त्या माणसाची काळजी वाटत होती.

"राहू दे. फार शहाणपणा नको. जा, पडद्याची दोरी धर."

तिने जाऊन दोरी धरली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

नाटुकलं रंगलं. आजारी मुलाचा आवाज स्पीकरमधून येत राहिला, मुलगा मात्र कुठेच नव्हता. चौघांऐवजी तिघेच पृथ्वीवर उतरले आणि एकाही पालकाला चौथ्याची आठवण झाली नाही. टाळ्यांचा नुसता कडकडाट.

कार्यक्रम संपल्यावर फाटकाशी एक गृहस्थ तिला बरोबर घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, मी हिचा पप्पा. विंचूरला कारखान्यात हाय कामाला. आज दांडी मारली, म्हटलं पोरीचं नाटक हाय." त्यांनी मोबाइल पुढे केला. "समदं शूटिंग केलं. पण त्या हेल्मेटात तोंडच दिसंना. यातली आमची कोणती? हिला इचारलं तर म्हणती, मॅडमलाच इचारा."

ती जमिनीकडे बघत होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ऐकून त्या माणसाचा चेहरा कसा होईल ते मला दिसलं, आणि मग तो मुख्याध्यापकांकडे जाईल हेही दिसलं. मी मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवलं. "ही बघा, डावीकडची."

डावीकडचा मुलगा होता.

"तरीच!" ते खूश झाले. "चाल वळखली होती मी. लय भारी केलंस गं!"

"हं पप्पा," ती म्हणाली.

मला लाज वाटली. इतकी, की त्यांनी आता निघावं म्हणून मी घड्याळाकडे बघू लागले. पण त्यांना कसली घाई? कळवणला तिच्या आत्याला व्हिडिओ लगेच पाठवायचा होता. मोबाइल त्यांनी तिच्या हातात दिला. "घे, खाली लिही तू कोणती ते. आत्याला बी वळखायची नाय."

तिने मोबाइल घेतला आणि माझ्यासमोर उभी राहून, एकेक अक्षर शोधत लिहिलं, "आत्या, डावीकडची मी."