गाडी जळकोटच्या पुढं जाईना

संगणकाचे चार सुटे भाग निवडायला आमच्या हिच्या मामांनी जेवढे दिवस घेतले, तेवढ्या दिवसांत लोक पोरीला स्थळं बघतात, लग्न लावतात आणि मांडववाल्याशी भांडूनही मोकळे होतात. इतका चिकित्सक माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि असलाच, तर त्यानं कृपा करून माझा फोन नंबर शोधू नये. कारण मी धाराशिवला एका शाळेत संगणक शिकवतो. शिकवतो म्हणजे काय, तर 'बंद करायच्या आधी सेव्ह करा' हे दरवर्षी नव्या पोरांना सांगतो. पण एवढ्या भांडवलावर सासरच्या गोतावळ्यात 'संगणकातलं सगळं कळणारा जावई' अशी माझी ख्याती झाली आणि मामांनी मला धरलं.

मामा लोहाऱ्याचे. सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून केलेली. वस्तू चालते एवढ्यावर त्यांचं कधीच भागत नाही. ती का चालते, कशावर चालते आणि बंद पडायची झाली तर आधी कुठं दुखणार, हे कळेपर्यंत ते दुकानदाराला सोडत नाहीत. एकदा मिक्सर घ्यायला गेले. प्रश्न विचारून विचारून त्यांनी दुकानदाराला असा पिळला, की त्यानं शेवटी त्यांच्याच हातात पेचकस दिला आणि 'बघा बाबा तुम्हीच' म्हणून चहा प्यायला निघून गेला. मामांनी मिक्सर खोलला, मन लावून बघितला, होता तसा जुळवला आणि "मोटार हलकी हाय" म्हणून न घेताच घरी आले. मामी अजून पाट्यावर चटणी वाटते. जेवताना मामा त्या चटणीचं तोंडभरून कौतुक करतात, आणि मामी त्यांच्याकडं अशी बघते की आपणच मान खाली घालून जेवावं.

दुसरी त्यांची खोड डबल बेलची. लग्नानंतर मी पहिल्यांदा लोहाऱ्याला गेलो, तेव्हा मामांनी मला गाव दाखवायला स्कूटीवर मागं बसवलं. तहसीलसमोर चहा झाला, आम्ही परत गाडीवर बसलो, इंजिन सुरू झालं, मामांचे दोन्ही हात हँडलवर, नजर समोर. पण गाडी काही हलेना. मला वाटलं, कुणाची तरी वाट बघताहेत. मग मीही बघू लागलो. चहावाला आमच्याकडं बघू लागला. बऱ्याच वेळानं मान न वळवता मामा म्हणाले, "जावईबापू, बेल द्या की." कंडक्टरनं दोनदा घंटा वाजवल्याशिवाय ज्या माणसानं उभ्या जन्मात गाडी हलवली नाही, तो नुसता जावई मागं बसला म्हणून कसा हलणार! मी त्यांच्या पाठीवर दोन थापा मारल्या, तेव्हा कुठं आम्ही निघालो.

आता संगणकाचं. मुलगी इंजिनिअरिंगला असताना घेतलेला जुना डेस्कटॉप तिच्या लग्नानंतर घरात धूळ खात पडला होता. निवृत्तीनंतर मामांना त्यावर बस चालवायचा एक खेळ सापडला. त्यात परदेशातले गुळगुळीत रस्ते होते. मामा दोन दिवस त्यावरून फिरले आणि कंटाळले. "एक खड्डा न्हाय, एक म्हस न्हाय. झोप येती गाडी चालवताना." मग त्या खेळात आपला रस्ता आपण तयार करता येतो असं त्यांना कळलं, आणि मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघत बघत त्यांनी दोन वर्षं खपून लोहारा ते तुळजापूर हा आपला जुना रस्ता जसाच्या तसा उभा केला. कुठली बाभळ रस्त्यावर कलली, कुठल्या मोरीवरचा कठडा पडला, सगळं! मी तोंडात बोट घातलं. मी शिकवतो त्या संगणकावर असलं काही होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पण गाडी जळकोटला आली की संगणक थिजायचा. दर वेळी तिथंच. पडद्यावरची माणसं पाय उचललेल्या अवस्थेत उभी, आणि मामा स्टिअरिंगसारखं प्लास्टिकचं चाक हातात घेऊन बसलेले.

एखाद्यानं हसून सोडून दिलं असतं. मामांना सोडता येत नव्हतं, कारण या गाडीला एक प्रवासी होता. मामांच्या गाडीवर बावीस वर्षं एकच कंडक्टर होते, जळकोटचे. दोघं एकमेकांना 'डायवर' आणि 'कंडक्टर' एवढंच म्हणायचे. खरी नावं पगारपत्रकावर राहिली असतील. या कंडक्टरांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, खाट धरली, गाडीत बसवायला डॉक्टरांनी मनाई केली. मामा भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "डायवर, एकदा तुळजापूरला जायचं होतं रं." मामांनी त्यांना मोबाईलवर देवीचं दर्शन दाखवलं. कंडक्टर म्हणाले, "आई तर घरी बसूनबी दिसती. रस्ता दिसत न्हाय." मामा तो शब्द घेऊन आले. त्या दिवसापासून रोज सकाळी लोहाऱ्यात व्हिडिओ कॉल लागायचा, मोबाईल संगणकापुढं उभा राहायचा, तिकडं खाटेवर कंडक्टर चांगल्या हातानं स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवायचे आणि इकडं गाडी सुटायची. आणि रोज जळकोटला थिजायची.

म्हणून मला बोलावणं आलं. मी तज्ज्ञाच्या थाटात गेलो. संगणकाचा कुठला भाग किती दमलाय हे दाखवणारी खिडकी उघडली आणि निदान केलं, "मामा, जळकोटच्या बाजारात तुम्ही माणसं फार भरलीत. दीडशे आहेत. शंभर कमी करा, फुकटात काम होईल." मामांचा चेहरा उतरला. ते माणसांवरून एकेक बोट फिरवायला लागले. ही शेळी घेऊन चढणारी म्हातारी, हा रोज सुट्ट्या पैशांवरून भांडणारा गुळाचा व्यापारी, हे पेपर टाकणारे. "बोला जावईबापू, कुणाला उतरवू?" मग सुटे भाग बदलायचे ठरलं. हाताशी पंचवीस हजार होते आणि ते मामीच्या फ्रीजसाठी ठेवलेले होते. मामीनं ते काढून दिले, पण देताना एवढं म्हणाली, "फ्रीज पुढच्या उन्हाळ्यात घेता यील. तो माणूस पुढच्या उन्हाळ्यापोतर थांबल का, ते बघा. लवकर आणा काय आणायचं ते."

लवकर! मी सांगितलं, पैशाला साजेसं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड घ्या, म्हणजे पडद्यावर चित्र रंगवणारा भाग, आणि विषय संपवा. मामा म्हणाले, "याची जोड कोण?" त्यांचे वडील बैल घ्यायला बाजारात जायचे, मामा त्यांच्या मागं. एकटा बैल कितीही देखणा असो, घरच्या बैलाशी पावलाला पाऊल जुळत नसेल तर वडील हात लावायचे नाहीत. "तुमचं कार्ड पळायला लागलं आन् हा म्हातारा प्रोसेसर मागं वढायला लागला, तर जू वाकडंच हुणार की." मला राग आला, कारण ते बरोबर होतं. प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, बदलायचा तर तो ज्यावर बसतो तो मदरबोर्ड बदलायला हवा, तो बदलला की जुनी रॅम चालत नाही, आणि एवढ्या सगळ्यांना वीज पुरवायला जुना पॉवर सप्लाय पुरत नाही. हे मी सांगत गेलो तसे मामा खुलत गेले. त्यांनी शंभर पानी वही सुरू केली. रोज फोन. "जावईबापू, हा पॉवर सप्लाय खरा किती वॅट देतो? का नुसता वर लिवलेला आकडा?" मी वर्गात, पोरं पुढं बसलेली, आणि कानाला मामा. पैसे पुरवायचे म्हणून त्यांनी प्रोसेसर, बोर्ड आणि कार्ड वापरलेलं घ्यायचं ठरवलं, पण पॉवर सप्लाय मात्र कोरा करकरीत. "बाकी कायबी जुनं चालतं. ह्यो बिघडला तर सगळ्यांना घिऊन मरतो."

वापरलेलं कार्ड बघायला आम्ही धाराशिवात एका माणसाकडं गेलो. तो म्हणाला, "पोरगा सुट्टीत थोडं खेळला, बस्स." मामांनी कार्ड हातात घेतलं, पंखा बोटानं फिरवला, कान लावला आणि मग चक्क त्याचा वास घेतला. "पाव्हणं, ह्ये तुमी महिनोन् महिने बंदच केलेलं न्हाय. गरम हून हून ग्रीस वाळलंय ह्याचं." तो माणूस असा ओशाळला की चहा न पाजताच त्यानं आम्हाला वाटेला लावलं. अशी पाच कार्डं त्यांनी हुंगून नापास केली. तिकडं कंडक्टरांना दुसरा झटका आला. बोलणं जड झालं. आता मात्र मी मामांवर तडकलो. म्हटलं, "घ्या की काहीतरी! चुकलं तर बदलून आणू." मामांनी वही मिटली. मग म्हणाले, "चुकलं तर गाडी पुन्यांदा जळकोटलाच थांबल. त्याला पुन्यांदा कुठल्या तोंडानं सांगू, की उतर म्हणून?" मला त्यांची सगळी चिकित्सा त्या दिवशी कळली आणि माझ्या तडकण्याची लाज वाटली.

दोनच दिवसांनी सोलापूरच्या एका दुकानात सगळी जोड जमली. कार्डाला कान लावून झाला, वास घेऊन झाला, मामांनी मान डोलावली. दुकानदार किंमत सांगायला तोंड उघडतो तोच मामांनी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि रुमालाखाली त्याची बोटं धरली. जनावरांच्या बाजारात व्यवहार असाच होतो. किंमत तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! तो घाबरून म्हणाला, "काका, हात का धरलाय?" मी इकडं तिकडं बघत, यांना आपण ओळखत नाही असा चेहरा केला. एवढ्यात कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले दुकानदाराचे वडील हसत उठले, "सर तू बाजूला," म्हणून त्यांनी स्वतःचा हात रुमालाखाली घातला. दोघं म्हातारे एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे. एकानं मान हलवली, दुसऱ्यानं नकार दिला, पुन्हा बोटं दाबली गेली, आणि एकदम दोघं खळखळून हसले. सौदा झाला. कितीला झाला ते मला अजून माहीत नाही. एवढं खरं, की त्यांनी वर एक पंखा फुकट दिला आणि मामांनी येताना मामीला साडी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लोहाऱ्यात सगळं जोडून दिलं. मामांनी अंघोळ करून खाकी सदरा घातला होता. व्हिडिओ कॉल लागला. कंडक्टर उशीला टेकून, शेजारी त्यांच्या बायको मोबाईल धरून. पेल्यावर चमचा वाजला, टिंग टिंग, आणि गाडी निघाली. थांबे येत गेले, बेल होत गेली. जळकोट आलं. बाजार, गर्दी, शेळीवाली म्हातारी. मामांनी गाडी थांब्यावर घेतली आणि उभी केली.

गाडी हलेना. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. म्हटलं, झालं, पुन्हा थिजलं! एवढे दिवस, मामीचा फ्रीज, सगळं पाण्यात. पण नीट बघतो तर बाजारातली माणसं चालत होती. म्हातारी शेळीला ओढत होती. संगणक ठणठणीत होता. मग माझ्या लक्षात आलं, की बेलच झाली नव्हती. थांब्याच्या मागं मामांनी एक पत्र्याचं घर, दारात लिंब आणि दारात डबा घेऊन उभी असलेली एक बाई काढली होती. बावीस वर्षं रोज याच थांब्यावर कंडक्टरांच्या बायको त्यांना डबा आणून द्यायच्या. रोज गाडी थिजायची म्हणून ते घर कंडक्टरांना कधी धड दिसलंच नव्हतं. ते बघत होते. त्यांच्या पत्नींनीही बघितलं, आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "भावजी, माझं लुगडं हिरवं होतं की वो. तुमी निळं काढलंय."

"उद्या बदलतो वहिनी," मामा म्हणाले. मग तिकडून जड जिभेनं एकच शब्द आला, "चला," आणि चमचा दोनदा वाजला. गाडी जळकोटच्या पुढं गेली. नळदुर्ग गेलं. तुळजापूरच्या स्थानकात गाडी लागली तेव्हा कंडक्टरांनी शिरस्त्याप्रमाणं गाडी थांबवायची एकच बेल दिली आणि हात जोडले.

त्यानंतर महिनाभर ती गाडी रोज वेळेवर पोचत होती. दिवाळीच्या आधी कंडक्टर गेले. मला वाटलं, मामा आता त्या संगणकावर कापड टाकतील. परवा लोहाऱ्याला गेलो तर गाडी चालू होती. मोबाईलची जागा रिकामी होती. जळकोटला गाडी थांबली. दारातल्या बाईचं लुगडं हिरवं होतं. मामा दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत बसले. मी दोन थापा माराव्यात म्हणून हात उचलला, पण तो त्यांच्या पाठीपर्यंत जाईना.

तेवढ्यात आतून पातेल्यावर पळी वाजली. दोनदा. मामी भाजी परतत नव्हती, पातेलं आणि पळी हातात घेऊन दारात येऊन उभी होती. मामांनी मान न वळवता गिअर टाकला.

"बसा जावईबापू," ते म्हणाले, "अजून नळदुर्ग यायचंय."