पळू दिली असती तर

बातमी घरून आली नाही. सदर भागातल्या ज्या चष्म्याच्या दुकानात मी कामाला आहे, तिथल्या टीव्हीवर आली... 'पोलिसांचा थरारक पाठलाग.' पडद्यावर उलटलेली जीप होती आणि मी गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवत होते. त्या जीपखाली माझा सख्खा भाऊ होता, दिवाकरदादा, पोलीस खात्यातला ड्रायव्हर. थरारक! या शब्दाची मला अजून शिसारी येते.

दादाची गाडी वाऱ्याशी स्पर्धा करायची, पण वस्ती आली की त्याचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून निघायचा. एकदा भरबाजारात, शाळा सुटायच्या वेळी, त्याने पाठलाग सोडून दिला. दुसऱ्या दिवशी नंबरावरून पत्ता काढला, पळालेल्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्याला घेऊन आला. मला सांगताना हसत होता, "गाडी पळून राहिली तं पळू दे वं, तिचं घर थोडीच पळते!" साहेबांना मात्र हसू आलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "जमत नसेल तर बांगड्या भर." मी आयुष्यभर बांगड्या भरल्यात, त्यात लाज कसली ते मला कळलेलं नाही. दादाला मात्र ते फार लागलं. पाठलाग कुठे सोडायचा ते एकदा लिहून द्या, असं त्याने म्हटलंही होतं... कुणी लिहून दिलं नाही.

त्या दुपारी काळ्या काचांची एक गाडी नाकाबंदीवर थांबली नाही. एवढाच गुन्हा. वायरलेसवर साहेबांचं 'सोडू नको' आलं आणि या वेळी दादाने सोडली नाही. उमरेड रोडवर समोरून ट्रक आला. गाडीवाला दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरात सापडला, झोपलेला. नंबर कॅमेऱ्यात होताच.

तेरवी झाल्यावर साहेब घरी आले. दादाला शौर्याबद्दल गौरवणार होते, वहिनीने स्टेजवर यावं म्हणाले. पाठलागाचे नियमही आता होतील म्हणाले. आता! वहिनीने शांतपणे विचारलं, "साहेब, तो मानूस घरीच सापडला ना तुम्हाले? मंग ह्यायले काहून पळवलं?"

साहेबांनी बसायला जवळची खुर्ची ओढली. तिच्यावर जीपमधली गादी होती, दादाची कंबर दुखायची म्हणून वहिनीने शिवलेली, खात्याने परत आणून दिलेली. मधोमध त्याच्या बसण्याचा खळगा तसाच आहे.

"तिथं नोका बसू," वहिनी म्हणाली.

साहेब उभेच राहिले. दुसरी खुर्ची आमच्यापैकी कुणीही आणली नाही.